आउफहेबेन : उचलणें, ठेवणें, उठविणें

परभाषेंतील एखादा शब्द आपल्या भाषेंत नाहींच, असें म्हणणें सोपें असतें. आणि त्याला हा घ्या प्रतिशब्द, असें म्हणणें त्याहूनहि सोपें असतें. पहिल्या म्हणण्यांत स्वभाषेविषयीं अश्रद्धा आणि दुसऱ्यांत परक्या शब्दाविषयीं बेफिकिरी असण्याचा संभव असतो. जर्मन तत्त्वज्ञानाचा मराठी वाचकांस परिचय करून देणाऱ्या लेखकांस या दोन्ही चुकांचा मोह ज्या एका क्रियापदापाशीं हटकून होतो, तें क्रियापद म्हणजे ‘आउफहेबेन’. हेगेल या तत्त्ववेत्त्यानें त्यास आपल्या विचारपद्धतीच्या केंद्रस्थानीं बसविलें, आणि तेव्हांपासून युरोपांतील इतर भाषांच्या भाषांतरकारांची त्यानें झोंप उडविली आहे. प्रस्तुत लेखांत या शब्दाचे अर्थ, त्याचें मूळ आणि मराठींत त्यास काय म्हणावें, या तीन गोष्टींचा आम्ही विचार करणार आहों. प्रश्न केवळ कोशकारांचा नाहीं, सातारा-सांगलीकडच्या माणसांचाहि आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम हा शब्द तत्त्वज्ञांच्या हातून काढून घेऊन साध्या गृहस्थाच्या घरांत पाहिला पाहिजे. मुलाच्या हातांतून चमचा खालीं पडला, तर आई त्यास तो उचलावयास सांगते. ही क्रिया ‘आउफहेबेन’. रात्रीची भाकरी उरली आणि ती सकाळसाठीं झांकून ठेविली. हीहि क्रिया ‘आउफहेबेन’. सरकारनें एखादा कायदा रद्द केला किंवा सेनापतीनें किल्ल्याचा वेढा उठविला; तरीहि ‘आउफहेबेन’च. उचलणें, जपून ठेवणें आणि नाहींसें करणें असे तीन अर्थ एकाच शब्दाच्या पोटांत, कोणतीहि कुरबूर न करितां, शेजारीं शेजारीं नांदतात. त्याच क्रियापदाचें भूतकालवाचक धातुसाधित ‘आउफगेहोबेन’ हें ‘रद्द झालेलें’ या अर्थीं येतें, आणि एखादें पोर आजीच्या घरीं सुखरूप आहे, त्याची काळजी नको, असें सांगावयाचें असतांहि तेंच रूप वापरितात. जेवण आटोपून यजमान उठले, म्हणजे जर्मन लोक ‘पाट उचलला’ अशा अर्थाचा प्रयोग करितात. पूर्वीं जेवणाच्या फळ्या जेवण होतांच खरोखरीच उचलून नेत असत, त्याची ही आठवण. आमच्याकडे पंगत ‘उठते’ आणि पानें ‘उचलतात’, हें वाचकांस सांगावयास नको.

या क्रियापदाची दुसरी विशेष गोष्ट त्याच्या रचनेंत आहे. ‘आउफ’ हा उपसर्ग आणि ‘हेबेन’ हें मूळ क्रियापद. परंतु हा उपसर्ग क्रियापदास कायमचा चिकटलेला नाहीं. ‘तो दगड उचलतो’ हें वाक्य जर्मन भाषेंत ‘एर हेब्ट डेन श्टाइन आउफ’ असें होतें. म्हणजे क्रियापद आपल्या जागीं राहतें आणि उपसर्ग सुटून वाक्याच्या अगदीं शेवटीं जाऊन बसतो. ऐकणाऱ्यास शेवटचा शब्द कानीं पडेपर्यंत काय घडलें तें पुरतें कळत नाहीं. कांहीं उपसर्ग असे सुटे होतात, कांहीं होत नाहींत, आणि कांहीं दोन्ही प्रकारें वागतात. ‘ऊबरज़ेत्सेन’ या क्रियापदांत उपसर्गावर आघात दिला व तो सुटा ठेविला, तर अर्थ होतो नावेनें पैलतीरीं नेणें. आघात धातूवर दिला व उपसर्ग जोडलेला ठेविला, तर अर्थ होतो भाषांतर करणें. १९२९ सालीं आयर्विन पूल होण्यापूर्वीं सांगलवाडीहून सांगलीस नावेनें येणाऱ्या उतारूस जर्मन मनुष्यानें जें क्रियापद लाविलें असतें, तेंच, केवळ आघात बदलून, त्यानें कालिदासाच्या भाषांतरकारासहि लाविलें असतें.

आतां मूळ पाहूं. ‘हेबेन’चा सख्खा भाऊ इंग्रजींतील ‘हीव्ह’ हा शब्द होय, आणि दूरचा परंतु निश्चित नातलग म्हणजे लॅटिनमधील ‘कापेरे’, अर्थात् घेणें, पकडणें. लॅटिनमधील आरंभींच्या ‘क’च्या जागीं जर्मन कुळांतील भाषांत ‘ह’ येतो, हा नियम याकोब ग्रिमनें १८२२ सालीं व्यवस्थित मांडला. तेव्हां ‘हेबेन’च्या मुळाशीं वर नेण्याची कल्पना नसून हातांत धरण्याची आहे, जें हातांत धरिलें तेंच वर उचलतां येतें. ‘जवळ असणें’ या अर्थाचें ‘हाबेन’ हें क्रियापदहि त्याच मुळांतून निघालें आहे. हेगेल ज्या श्वाबिया प्रांतांतील, म्हणजे श्टुटगार्टचा, त्या प्रांताच्या बोलींत ‘हेबेन’ याचा अर्थ आजहि ‘धरणें’ असाच आहे. एका शब्दांत ‘उचलणें’ व ‘ठेवणें’ हे अर्थ एकत्र कसे आले, याचें कोडें या बोलीमुळें बरेंचसें सुटतें. नाहींसें करण्याचा अर्थ तर उघडच आहे. जी वस्तु उचलली ती मूळच्या जागीं राहत नाहीं.

‘आउफ’ या उपसर्गाचें नातें आपल्या ‘उप’शीं आहे, जसें ‘ऊबर’चें नातें ‘उपरि’शीं आहे. येथें एक मौजेची गोष्ट दृष्टीस पडते. अर्थाच्या दृष्टीनें आपण ‘आउफ’ची बरोबरी ‘उद्’ या उपसर्गाशीं करूं. परंतु ‘उद्’चा खरा भाऊबंद जर्मनमधील ‘आउस’ व इंग्रजींतील ‘औट’ हा आहे, म्हणजे ‘बाहेर’. आपल्या पूर्वजांच्या कल्पनेंत वर येणें हें मुळांत बाहेर येणें होतें, असें यावरून दिसतें. पाण्यांतून बाहेर येणारा मनुष्य वरच येतो. अंकुर जमिनींतून बाहेर येतो तोहि वरच.

सुट्या उपसर्गाचें जर्मनांस फारसें अप्रूप नको, आणि आपल्यालाहि त्याचें आश्चर्य वाटावयास नको. वेदांच्या भाषेंत उपसर्ग असेच सुटे होते. पाणिनीनें पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत उपसर्ग धातूच्या पूर्वीं येतात असें सांगून लगेच पुढें, वेदांत ते धातूनंतरहि येतात व मध्यें इतर शब्द घालूनहि येतात, असें नमूद केलें आहे. औंधच्या स्वाध्याय मंडळानें पंडित सातवळेकरांच्या हातून छापून काढलेल्या संहितांचें कोणतेंहि पान उघडून पाहावें. उपसर्ग एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला, असे प्रयोग सहज आढळतील. उपसर्गास स्वतःचा अर्थ असतो कीं नाहीं, हा वादहि आपल्याकडे यास्काच्या पूर्वींपासूनचा. शाकटायनाच्या मतें उपसर्ग एकटा असतां कांहींच सांगत नाहीं, तो केवळ धातूचा दडलेला अर्थ उजळतो; गार्ग्याच्या मतें त्यास स्वतःचे नाना अर्थ आहेत. आहार, विहार, प्रहार, संहार या शब्दांकडे पाहिलें म्हणजे दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे असें वाटूं लागतें.

मग हे उपसर्ग मराठींत कोठें गेले? ते नाहींसे झाले नाहींत, झिजून धातूच्या अंगांत मुरले. ‘उद्’ आणि ‘स्था’ यांपासून प्राकृताच्या वाटेनें ‘उठणें’ झालें. ‘उद्’ आणि ‘चल्’ यांपासून ‘उचलणें’. ‘उद्’ आणि ‘तॄ’ यांपासून ‘उतरणें’. आज मराठी मनुष्यास या शब्दांत उपसर्ग आहे याची शंकाहि येत नाहीं. ‘उतरणें’ याची तर दिशाच पालटली. पाणी ओलांडून काठावर येणें हा मूळ अर्थ. त्यावरून नावेंतून पायउतार होणें आणि पुढें नुसतें खालीं येणें. त्याच धातूचें संस्कृत रूप मात्र वर राहिलें. म्हणून परीक्षेंत विद्यार्थी ‘उत्तीर्ण’ झाला तर त्याचें तोंड फुलतें आणि न झाला तर तेंच तोंड ‘उतरतें’. एकाच मुळापासून निघालेलीं हीं दोन रूपें एकमेकांकडे पाठ करून उभीं आहेत.

उपसर्ग असे गोठल्यावर त्यांचें काम मराठीनें दुसऱ्या नोकरांस दिलें. हे नोकर क्रियापदाच्या पुढें न चालतां मागून चालतात. उचलून ठेवणें, उचलून टाकणें, उचलून घेणें, उचलून देणें, उचलून धरणें, हे पांच प्रयोग घ्या. मूळ क्रिया एकच. परंतु ‘ठेवणें’ आलें कीं वस्तु सुरक्षित झाली, ‘टाकणें’ आलें कीं ती गेली, ‘घेणें’ आलें कीं ती कडेवर आली, ‘धरणें’ आलें कीं पाठिंबा मिळाला. जर्मन वाक्याच्या शेवटीं जाऊन बसणारा उपसर्ग जें काम करितो, तेंच काम मराठी वाक्याच्या शेवटीं येणारें हें दुय्यम क्रियापद करितें. जर्मन सोपसर्ग क्रियापदांचें भाषांतर करणाऱ्यानें संस्कृत उपसर्गांची यादी हातीं घेण्यापूर्वीं मराठी वाक्याच्या शेपटाकडे एकदां पाहावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पुष्कळदां उत्तर तेथेंच असतें.

सातारा-सांगली भागांत तर या ‘उचल-उठ’ कुळानें मोठाच संसार थाटला आहे. सांगलीच्या बाजारांत हळदीस ‘उठाव’ आहे म्हणजे गिऱ्हाईक माल उचलीत आहे. आणि उठाव नसला म्हणजे व्यापारी ती साठवून ठेवितो. हरिपुराकडे त्यासाठीं जमिनींत खोल पेंवें खणीत असत. जर्मन मनुष्य जपावयाची वस्तु वर उचलतो, आमचा हळदीचा व्यापारी ती खालीं पुरतो, हेतु एकच. त्याच ‘उठाव’ शब्दाचा अर्थ बंड असाहि आहे. १९४३ पासून सातारा जिल्ह्यांत नाना पाटील यांच्या प्रतिसरकारानें जो केला, तोहि उठावच. जर्मनमध्यें ‘उठणें’ यास ‘आउफश्टेहेन’ व बंडास ‘आउफश्टांड’ म्हणतात. दोन्ही भाषांनीं एकमेकींस न विचारतां एकाच कल्पनेवरून तोच शब्द घडविला. आणि उसाच्या हंगामांत ‘उचल’ हा शब्द कोणाच्या कानीं पडत नाहीं? तोडणीस येणाऱ्या मजुरानें मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल. पैसे मजूर उचलतो; परंतु ती उचल फिटेपर्यंत त्याचें सर्व कुटुंबच उचललें जाऊन उसाच्या फडावर येऊन पडतें. क्रिया कोणी केली आणि कोणावर झाली, हा प्रश्न या शब्दांत कसा उलटापालटा होतो, तें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

आतां हेगेलकडे वळूं. १८१२ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील मोठ्या ग्रंथांत त्यानें या शब्दावर एक स्वतंत्र टीप लिहिली आहे. एकाच शब्दांत राखणें आणि संपविणें असे परस्परविरुद्ध अर्थ असावेत, ही भाषेची उणीव नसून विचारशक्तीची खूण आहे, असा तिचा आशय आहे. त्याच्या मतें विचार व इतिहास यांत जुनी अवस्था नुसती नष्ट होत नाहीं. ती आपल्या एकांगीपणांतून मोकळी होते, तिच्यांतील सत्यांश पुढील अवस्थेंत राहतो, आणि त्यामुळें पुढील अवस्था अधिक उंचीवर जाते. १८०७ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें कळी, फूल व फळ यांचा दाखला दिला आहे. फूल उमललें म्हणजे कळी नाहींशी होते, परंतु ती खोटी ठरली असें कोणी म्हणत नाहीं. त्यानें लॅटिनमधील ‘तोल्लेरे’ या शब्दाचीहि आठवण केली आहे. त्या शब्दावर सिसेरोची म्हणून एक कोटी प्रसिद्ध आहे. तरुण ऑक्टेव्हियनची स्तुति करावी, त्याचा मान राखावा आणि त्यास ‘उचलावा’, असें तो म्हणाल्याचें सांगतात. या शेवटच्या शब्दाचा अर्थ उच्चपदीं चढवावा असा, कीं वाटेंतून दूर करावा असा, हें ऐकणाऱ्यानें ठरवावयाचें. इंग्रज भाषांतरकारांनीं याच ‘तोल्लेरे’च्या धातुसाधितावरून ‘सब्लेट’ असें एक क्रियापद रूढ केलें. त्यानें पंडितांची सोय झाली, परंतु इंग्रज आई आपल्या मुलास चमचा ‘सब्लेट’ करावयास कधींहि सांगणार नाहीं.

आमच्याकडे हा धोका अधिक आहे, कारण संस्कृत टांकसाळ सदैव उघडी असते. ‘निरास’ म्हणावें, तर त्यांत संपविणें येतें, राखणें येत नाहीं. ‘उन्नयन’ म्हणावें, तर वर नेणें येतें, संपविणें राहून जातें. ‘अतिक्रमण’ या शब्दास मराठींत सरकारी जागेवर घातलेल्या टपरीचा वास येतो. ‘समन्वय’ हा शब्द तर भांडण मिटविणाऱ्या सज्जनांचा आहे. हेगेलच्या विचारांत भांडण मिटत नाहीं, तें पुरतें भांडलें जातें. ‘विलय’ म्हणावें, तर मीठ पाण्यांत विरघळलें एवढाच बोध होतो. आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी ‘निषेधाचा निषेध’ हे शब्द उत्तरपत्रिकेंत बिनचूक लिहितात. परंतु एकदां निषेध झाल्यावर पुन्हां निषेध कशाचा, असें विचारलें तर ते स्तब्ध होतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाहीं. त्यांस जो शब्द दिला गेला, त्यास त्यांच्या घरांत कोठेंहि खुंटी नाहीं. साताऱ्याजवळ वाईस १९६० नंतर मराठी विश्वकोशाचें कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालें, तेव्हांपासून परिभाषेची चर्चा या भागास नवी नाहीं. परिभाषा हवीच; पण ती घराच्या जोत्यावर उभी असावी, एवढेंच आमचें म्हणणें.

या प्रसंगीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जी अडचण आम्हांस हेगेलच्या शब्दाची, तीच अडचण स्वतः हेगेलला आपल्या एका शब्दाची आली होती, आणि तो शब्द म्हणजे ‘योग’. आउगुस्ट व्हिल्हेल्म श्लेगेलनें १८२३ सालीं भगवद्गीतेचें लॅटिन भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांत ‘योग’ या एका शब्दासाठीं स्थलपरत्वें निरनिराळे लॅटिन शब्द योजिले होते, आणि त्याबद्दल फ्रेंच टीकाकारानें त्यास दोष दिला. व्हिल्हेल्म फॉन हुम्बोल्टनें बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें गीतेवर व्याख्यानें देतांना ‘फेरटीफुंग’ म्हणजे ‘खोल बुडून जाणें’ हा शब्द सुचविला, तोहि सोपसर्गच. हेगेलनें १८२७ सालीं हुम्बोल्टच्या निबंधावर विस्तृत परीक्षण लिहून असें प्रतिपादिलें कीं, एका लोकसमूहाच्या वैशिष्ट्यपूर्ण कल्पनेस दुसऱ्याच्या भाषेंत तंतोतंत शब्द मिळावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. आपला शब्द आपलीच कल्पना घेऊन येतो. लोकमान्यांनाहि ‘गीतारहस्या’त (१९१५) योग या शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठीं स्वतंत्र विवेचन करावें लागलें, तेव्हां परभाषेचीच काय, स्वभाषेची वाटहि सरळ नसते. हेगेलचें म्हणणें आम्हांस बव्हंशीं मान्य आहे. परंतु त्यावरून शोध सोडून द्यावा असें निघत नाहीं. तंतोतंत शब्द नसेल, पण त्याच हाडामांसाचा शब्द असूं शकतो.

आमच्या मतें असा शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘उद्धार’. त्याची घडण पाहा. ‘उद्’ आणि ‘हृ’, म्हणजे वर आणि घेणें. ‘आउफ’ आणि ‘हेबेन’ यांचीहि मूळ घडण वर आणि घेणें अशीच आहे. ‘उद्’ आणि ‘धृ’, म्हणजे धरणें, यांच्या संधीनेंहि रूप तेंच होतें, आणि श्वाबियाच्या बोलींत ‘हेबेन’ म्हणजे धरणें हें आम्ही वर सांगितलेंच आहे. आतां अर्थ पाहा. शल्योद्धार म्हणजे शरीरांत रुतलेला बाण काढून टाकणें. मनुस्मृतींत चोरदरोडेखोरांच्या बंदोबस्तास कंटकोद्धरण म्हटलें आहे. हा नाहींसें करण्याचा अर्थ. त्याच स्मृतींत दायविभागाच्या वेळीं ज्येष्ठ पुत्रासाठीं जो विसावा हिस्सा आधीं बाजूस काढून ठेवावयाचा, त्यास ‘उद्धार’ हेंच नांव आहे. हा राखून ठेवण्याचा अर्थ. आणि पतिताचा उद्धार, कुळाचा उद्धार, हा वर नेण्याचा अर्थ तर सर्वांच्या तोंडीं आहे. तिन्ही अर्थ एका शब्दांत, आणि तेहि मिळमिळीत नव्हेत. वाण्याच्या दुकानांतील ‘उधार’ हाहि याच शब्दाचा झिजलेला वंशज आहे; ‘उचल’ आणि ‘उधार’ या दोन्ही शब्दांनीं उचलण्यावरून कर्जाकडे जावें, हा योगायोग नव्हे. आणि सिसेरोची कोटी मराठींत करावयाची तर ती आधींच केलेली आहे. ‘शेजाऱ्यानें आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला’ असें कोणी म्हणालें, तर त्या पिढ्या स्वर्गास गेल्या असें कोणीहि समजत नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं, या शब्दास धर्माचा व भक्तीचा गंध आहे. गंध आहे, हें खरें. परंतु तो गंध ज्यांत अडथळा न होतां साह्यकारक होतो, असें एक रूप सर्वांच्या परिचयाचें आहे, तें म्हणजे ‘जीर्णोद्धार’. गांवचें देऊळ मोडकळीस आलें म्हणजे कुजलेल्या तुळया व खचलेल्या भिंती काढून टाकितात, मूर्तीचें देवत्व विधिपूर्वक कलशांत काढून जपून ठेवितात, आणि नवें देऊळ उभें राहिलें कीं त्याची पुन्हां प्रतिष्ठा करितात. मोडणें, राखणें आणि उभारणें या तीन क्रिया एकाच कार्याचे तीन भाग आहेत. एक वगळला तर जीर्णोद्धार होत नाहीं, नुसती पाडापाड किंवा नुसती रंगरंगोटी होते. हेगेलचा सिद्धान्त आमच्या विद्यार्थ्यास यापेक्षां अधिक नीट कसा समजावून द्यावा, तें आम्हांस ठाऊक नाहीं. तेव्हां आमचा निवाडा असा आहे : कायद्याच्या व व्यवहाराच्या संदर्भांत ‘उठविणें’, वाहत्या भाषांतरांत ‘उचलून घेणें’, आणि पारिभाषिक नाम म्हणून, जीर्णोद्धारांतील अर्थानें, ‘उद्धार’.

येथें लेख थांबवितां आला असता. परंतु या शब्दाचा एक उपयोग असा आहे कीं, त्याकडे डोळेझांक करणें टीकाकारास शोभणार नाहीं. ज्या शब्दांत मोडणें आणि राखणें एकत्र नांदतात, तो शब्द मोडणाऱ्याच्या हातीं फार सोयीचा असतो. मोडून झाल्यावर ‘आम्ही तर राखिलें’ असें म्हणण्याची त्यांत मुभा असते.

आमच्या भागाचा इतिहास पाहावा. औरंगजेबानें साताऱ्यास घातलेला वेढा उठविला नाहीं, आणि एप्रिल १७०० मध्यें किल्ला पडला. तेथें शब्दांची संदिग्धता नव्हती. छत्रपति प्रतापसिंहांस १८३९ मध्यें पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें; त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथें झगडत राहिले; मध्यंतरीं १८४८ मध्यें डलहौसीच्या अमदानींत राज्यच खालसा झालें. ‘खालसा’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ असा आहे. शब्द किती स्वच्छ आणि कृति कोणती! बरोबर शंभर वर्षांनीं, १९४८ मध्यें, सांगलीचें संस्थान मुंबई प्रांतांत ‘विलीन’ झालें. येथें मात्र सत्ता गेली तरी बरेंच कांहीं राहिलें आणि प्रजेच्या हातीं मतपत्रिका आली, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं. १९४९ मध्यें सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व संस्थानी मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि १९६० मध्यें तें नांव उठून ‘सांगली’ हें नांव आलें. ज्या संस्थानाचें राज्य गेलें, त्याच्या राजधानीचें नांव एका मोठ्या जिल्ह्यावर चढलें. हेगेलनें हें उदाहरण आनंदानें घेतलें असतें.

परंतु कोयनेकाठच्या गांवांचें काय? धरण झालें, शिवसागराचें पाणी चढलें आणि गांवें ‘उठलीं’. वीज झाली, कारखाने चालले, महाराष्ट्र वर गेला, हें सर्व खरें. सरकारी कागदांत पुढील शब्द ‘पुनर्वसन’ हा होता. म्हणजे उठविलें तें ठेविलेंहि, असें त्या शब्दाचें आश्वासन. कित्येक कुटुंबांना जिल्हा सोडून लांब मुलखांत जावें लागलें, आणि जमिनीच्या व हक्काच्या कागदासाठीं त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाहि कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. येथें वर गेलें एक, उठविलें गेलें दुसरें, आणि राखण्याचें काम कागदावर राहिलें. अशा व्यवहारास ‘उद्धार’ म्हणणें म्हणजे शेजाऱ्यानें सात पिढ्यांचा केलेला उद्धारच होय.

म्हणून या शब्दाचें भाषांतर करणाऱ्यानें, आणि तें वाचणाऱ्यानेंहि, तीन प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय ठेवावी. काय उठविलें? काय ठेविलें, आणि कोठें? वर कोण गेलें? तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच वस्तूविषयीं देतां आलें, तरच तो खरा उद्धार; उत्तरें निरनिराळ्या माणसांविषयीं येऊं लागलीं, तर तेथें साधें ‘उठविणें’ हें क्रियापद वापरावें. मराठींत तें आहे, सर्वांस समजतें, आणि तें खोटें बोलत नाहीं.